कणाची कंदुरी

“मंग सापडला असं म्हणायले काय जाते तिच्या बापाचं?” चंद्रशेखरनं ओसरीच्या खांबावर थाप मारली.

“तिचा बाप तुमच्या बाजूलेच बसला हाये, भाऊजी,” गोजरबाई चुलीपुढून म्हणाली. “त्यायलेच इचारा.”

बाप, म्हणजे कडूबा, खाटेवर बसून गुडघा चोळत होता. धाकट्या भावासमोर न बोलण्याची त्याला सवय होती, आणि धाकट्या भावाला त्या सवयीची.

“वहिनी, समजून घ्या जरा. पंधरा ऑगस्ट तोंडावर आला. मंडप सांगून ठेवला, फ्लेक्स छापून आला. ‘विश्वाचं कोडं सोडवणारी देऊळघाटची कन्या.’ एवढाल्या अक्षरात! सभापती येऊन राह्यले. अन् तुमी आज सांगता का कोडं सुटलंच नाही?”

“मी नाही सांगत. निशी सांगते.”

“तिले म्हणा, तू गप राह्य. इथं कोणाले कळते त्यातलं? स्टेजवर ये, हात जोड, शाल घे, जाय. एवढंच काम.”

“अन् कोणी इचारलं त?”

“कोण इचारते बे...” जिभेवर आलेला ‘बे’ त्यानं वहिनीसमोर अर्धा गिळला.

निशिगंधाचा फोन दुपारी आला होता. ती कोलकात्याला भौतिकशास्त्रात पीएचडी करत होती. परदेशात जमिनीखाली मोठं गोल यंत्र आहे, त्यात कणांची टक्कर करून पाहतात, आणि त्या टकरींच्या आकड्यांवर जगभरातले हजारो लोक काम करतात. निशी त्या हजारोंपैकी एक. गेल्या थंडीत त्या आकड्यांत एक उंचवटा दिसला होता. नवा कण असावा, असं वाटलं होतं. आता आणखी टकरी मोजून झाल्या, आणि उंचवटा सपाट झाला. नवा कण नव्हताच. निशीनं हे आईला सांगितलं आणि गोजरबाईनं संध्याकाळी, दिवाबत्ती झाल्यावर, मीठमसाला न लावता घरात सांगितलं. तेव्हापासून हे चाललं होतं.

“ताई, तसं पाह्यलं त खोटं बोलाचं कामच नाही,” करिष्मा म्हणाली. ती चंद्रशेखरची बायको, गोजरबाईची धाकटी जाऊ. ताटं पुसत पुसत ती नेहमी मधला रस्ता काढायची, आणि तो रस्ता नेहमी तिच्या नवऱ्याच्या दुकानापाशी जाऊन थांबायचा. “नुसतं ‘आमी शोधून राह्यलो’ म्हणायचं. लोक समजाचं ते समजतीन. अन् खामगावचे पाहुणेही त्याच दिवशी येऊन राह्यले. त्यायच्यासमोर काऊन शोभा करून घ्या?”

खामगावचे पाहुणे म्हणजे मुलाकडचे. पेपरात फोटो पाहून त्यांनी स्वतःहून निरोप धाडला होता. सत्कार पाहायचा आणि त्याच मंडपात, त्याच हारतुऱ्यांत साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उरकून घ्यायचं, असं चंद्रशेखरनं परस्पर ठरवलं होतं. निशीला एवढंच कळवलं होतं की पाहुणे येतील, जरा बरी साडी आण.

कडूबा पहिल्यांदा बोलला. “कंदुरी देऊन बसलो मी. साऱ्या गावानं खाल्ली. आता पीरासमोर मी खोटा.” आणि थोडं थांबून, चुलीकडे न पाहता, “तिले बोलावून घे. बस झालं शिकणं.”

गोजरबाईच्या हातातली भाकरी तव्यावर पडली ती वाकडी पडली. कंदुरी देऊन बसलो मी! त्या ‘मी’नं तिच्या डोक्यात तिडीक गेली. कारण ती कंदुरी कडूबाची नव्हतीच. नवस तिचा होता.

गोजरबाई सुलतानपूरची. लोणारचं सरोवर तिच्या माहेराहून जवळ. ती लहान असताना तिकडे बाहेरचे लोक यायचे, गोरेही आणि आपलेही. उन्हात टोप्या घालून काठाकाठानं फिरायचे, माती बाटलीत भरायचे, दगड फोडून त्याचे कपचे पिशवीत टाकायचे. तिच्या बापाची बैलगाडी ते सामान वाहायला घ्यायचे. बाप एका जणाला दर वर्षी विचारायचा, “साहेब, काही सापडलं काय?” आणि तो माणूस दर वर्षी मान हलवून हसायचा, “अभी देख रहे हैं.” बापाचे केस पिकले तरी त्यांचं पाहणं चालूच होतं. गावानं कधी त्यांची मिरवणूक काढली नाही आणि कधी त्यांना लबाड म्हटलं नाही. आपलं आपलं काम करत होते बिचारे.

गोजरबाईला शाळा आवडायची. सातवी झाली आणि पुढची शाळा लोणारला, म्हणून तिचं नाव काढलं. नाव काढायला बाप स्वतः गेला आणि येताना तिच्यासाठी बांगड्या घेऊन आला. त्या बांगड्या तिनं घातल्या, कारण न घालून काय करणार होती? पुढे लग्न होऊन ती देऊळघाटला आली. एकत्र घर, सासू-सासरे, शेत, म्हशी, धाकट्या दिराचं कॉलेज. दिराचे डबे तिनंच केले. तो शिकून बुलडाण्यात कृषी केंद्र टाकून बसला आणि जिल्हा परिषदेच्या तिकिटाची स्वप्नं पाहू लागला, तेव्हा ‘आमच्या वहिनी म्हणजे अडाणी, पण मनानं चांगल्या’ असं चारचौघांत म्हणायला शिकला.

तिला एकच पोरगी झाली. निशी दहावीला पहिली आली तेव्हा घरात पेढे आले. बारावीला चांगली आली तेव्हा चर्चा झाली. अमरावतीहून एमएससी करून कोलकात्याला जायचं म्हणाली तेव्हा भांडण झालं. त्या भांडणात गोजरबाई जिंकली, कारण तिनं जेवण सोडलं होतं आणि म्हशींनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता.

मलकापूरच्या स्टेशनावर पोरीला गाडीत बसवून ती परत आली आणि त्याच दिवशी शिवेवरच्या दर्ग्यात गेली. बरोबर मुबीना होती. मुबीना तिची शेजारीण. तिचा नवरा अन्वर त्या दर्ग्याचा मुजावर, दिवाबत्ती आणि फातेहा त्याच्याकडे. गावात हिंदू काय नि मुसलमान काय, नवस बोलायचे तर त्याच पीराला. नवस फळला की बोकड द्यायचं, दर्ग्याच्या आवारात शिजवायचं, गावाला जेवू घालायचं. ती कंदुरी. गोजरबाईनं चादरीला हात लावून म्हटलं होतं, “बाबा, पोरीचं शिक्षण पुरं होऊ दे. पुरं झालं का तुले कंदुरी देईन.” शब्द तेवढेच. ऐकायला पीर आणि मुबीना.

मग ती थंडी आली.

“आई, काहीतरी दिसून राह्यलं,” निशी फोनवर म्हणाली होती. आवाज धावून आल्यासारखा. “असंन, नाहीतर नसंन. पण असलं ना, तर लय मोठं.”

“म्हणजे सापडलं?”

“सापडलं नाही गं. दिसलं. आता कसं सांगू... गल्लीत गाडीचा आवाज आला की तू म्हणतेस ना, आले तुझे बाबा? बहुतेक वेळा तेच असतात. पण दार उघडून पाहिल्याशिवाय तू ताट वाढतेस का?”

“वाढते ना,” गोजरबाई म्हणाली. “म्हणूनच भाकरी थंडी होते अन् मलेच बोलणे बसतात.”

निशी हसली होती, खूप हसली होती. ते हसू कानात होतं म्हणून रात्री जेवताना गोजरबाईनं नवऱ्याला दोन वाक्यं सांगितली. नवऱ्यानं भावाला सांगितली. भावानं दुकानावर चहाला येणाऱ्या एका बातमीदाराला सांगितली. दोनाची किती झाली कोण जाणे. पेपरात आलं: ‘देऊळघाटच्या लेकीने शोधला देवकणाचा भाऊ!’ फोटो मामेबहिणीच्या लग्नातला, केसांत गजरा आणि हातात आइस्क्रीमचा कप.

त्या दिवसापासून दारात चपला मावेनात. भजनी मंडळाचे महाराज आले आणि म्हणाले, हे सगळं आपल्या ग्रंथात आधीच लिहून ठेवलेलं आहे. कोणत्या ग्रंथात, ते पुढच्या खेपेला सांगणार होते. एकानं विचारलं, या कणानं रात्रीची लाईट टिकंन काय? दुसऱ्याला बोंडअळीचं काही जमेल का ते हवं होतं. तिसऱ्याच्या मोबाइलवर आलं होतं की ते यंत्र एक दिवस सगळी पृथ्वी गिळणार आहे. तो तणतणत आला, “काकू, पोरीले सांगा, वैशाखापर्यंत बंद ठेवा म्हणा ते यंत्र. आमच्या घरी लगन हाये.” गोजरबाईनं त्याला चहा दिला आणि सांगते म्हणाली. काय करणार?

म्हातारी रुखमाबाई काठी टेकत आली. “कसा हाये व तो? ज्वारीएवढा का राळ्याएवढा?”

“दिसत नाही म्हणतात, आत्या.”

“दिसत नाही त सापडला कसा?”

ओसरीवरची सगळी माणसं खो-खो हसली. गोजरबाईला वाटलं, इतक्या दिवसांत धड प्रश्न एवढाच कोणी विचारला, आणि हसले मेले त्यालाच.

निशीचा फोन आला तो चिडून. “कोणी छापलं हे? मी काही शोधलं नाही, आई! हजारो लोक आहेत. आणि अजून शोधच नाही तो. माझ्या सरांना कोणी हे वाचून दाखवलं ना, तर मी तोंड कुठं लपवू?” गोजरबाईनं हे शब्दाला शब्द दिराला सांगितलं. चंद्रशेखरनं मान डोलावली. “पाहा! किती नम्र पोरगी! मोठे लोक असेच असतात.” आणि पुढच्या भाषणात त्यानं तेही घातलं. पोरीनं नाही म्हटलं की ती नम्र, पुन्हा नाही म्हटलं की फारच नम्र. नाही म्हणायला जागाच ठेवली नाही.

आणि माघात एक दिवस ती शेतातून आली तर अंगणातल्या निंबाला बोकड बांधलेलं.

“हे काय?”

“कंदुरी,” कडूबा म्हणाला. त्या दिवसांत तो ताठ चालायचा. हॉटेलात त्याला बाकाची मधली जागा मिळायची. “तू नवस बोलली होती ना. फळला.”

“कुठं फळला? शिक्षण पुरं कुठं झालं तिचं?”

“अवं, पेपरात नाव आलं. आता अजून काय पुरं व्हायचं राह्यलं?”

“थांबा ना. पोरगी सोताच म्हणते का अजून नक्की नाही.”

“वहिनी,” चंद्रशेखर मध्ये पडला, “गावाले निवतं गेलं. आता का बोकड सोडून देता?”

गावाला आमंत्रण गेलं होतं आणि आजूबाजूच्या गावांनाही. निवडणूक वर्षावर आली होती. गोजरबाईला कळत नव्हतं असं नाही. कंदुरीचा स्वयंपाक पुरुषांचा, पण कांदे सोलायला, मसाला वाटायला, ज्वारीच्या भाकरींची चळत लावायला बायाच लागतात. तिनं मसाला वाटला. अन्वरनं फातेहा दिली, निवद दाखवला. पंगती उठल्या. चंद्रशेखर प्रत्येक पंगतीत हात जोडून फिरला. नवस कोणाचा होता ते कोणी विचारलं नाही. तिनं स्वतः त्या दिवशी घास घेतला नाही, पोट बिघडलं म्हणून सांगितलं. तिचा नवस तिच्यासमोर शिजवून लोकांनी खाल्ला, आणि वर ढेकर दिली.

तोच कडूबा आज म्हणत होता, कंदुरी देऊन बसलो मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायचं निमित्त करून गोजरबाई मुबीनाकडे गेली. मुबीना दारात बसून लेकराच्या डोक्याला तेल लावत होती. तोंड पाहूनच म्हणाली, “काय झालं व? आलफिया, जा बेटा, अंदर जाके खेल.” नातीला आत पिटाळून तिनं पाट सरकवला.

गोजरबाईनं सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढत गेला, मुबीनानं गप्प करायला हात केला तरी थांबला नाही. “अन् आता म्हणतात पीरासमोर खोटं पडलो. पोरीले बोलाव. पोरीनं का बोकड मांगितलं होतं? तिनं सांगतली होती का पंगत?”

“खोटं काऊन पडलं?” मुबीना तेलाचे हात पदराला पुसत म्हणाली. “तू काय बोलली होती बाबाले? मी उभी होती ना बाजूले. शिक्षण पुरं होऊ दे, असं बोलली. कण सापडू दे असं कोण बोललं होतं?”

गोजरबाई पाट ओढून तिच्याजवळ सरकली.

“मी तवाच यायले म्हटलं होतं,” मुबीनानं आतल्या अन्वरकडे मान केली, “का नवस हाये शिकण्याचा अन् हे लोक मधातच देऊन राह्यले. तं हे काय बोलले, ठाऊक? बोलले, कोणी पहले देते तं त्यानं बाबा नाही बांधल्या जात. देणारा बांधल्या जाते. बाबानं खाऊन घेतलं, आता शिक्षण पुरं करणं तुमच्यावर. मधातून काढली पोरीले, मंग होईन खोटं. सोला आने खोटं.”

आतून अन्वर खोकला. बायकांच्या बोलण्यात तो पडत नसे, पण तो खोकला होकाराचा होता.

“अन् माझं आइकशीन तं,” मुबीना आवाज उतरवून म्हणाली, “माह्या मोठीले आमी दहावीतून काढलं. तवा तू बोलली होती मले, मुबीना, नको काढू. नाही आइकलं मी. बस. जास्त नाही बोलत.”

गोजरबाई घरी आली तेव्हा गावात बातमी पोचली होती. कोणाच्या तरी मोबाइलवर आली होती, नवा कण नाहीच म्हणून. पृथ्वी गिळणारं यंत्र ज्यांनी खरं मानलं होतं त्यांनी हेही लगेच मानलं, आणि फार आनंदानं मानलं. विहिरीवर एक बाई दुसरीला म्हणाली, गोजरबाईला ऐकू जाईल इतपत, “बोकड मात्र सापडलं होतं बरं का, डोयानं पाह्यलं आपण.” शाळेच्या भिंतीजवळ पोट्टे ओरडले, “कणवाल्या काकू!” ती थांबली आणि वळून पाहिलं. पोट्टे पांगले. तिला त्यांचा राग नव्हता. पोट्ट्यांना हे शब्द कोणाच्या घरात, कोणत्या पंगतीत मिळाले, त्या पंगतीचा होता.

कडूबा हॉटेलातून आला तो लाल होऊन. बाकाची मधली जागा गेली होती. एकानं विचारलं होतं, “कडूबा, आमच्या पोटातलं बोकड आता वापस मांगतं का बे?” आणि चहावाल्यासकट सगळे हसले होते. ज्यांना तोंडावर बोलता येत नाही त्यांचा राग घरी येऊन काढायचा, हा त्याचा जुना हिशेब.

“लाव तिले फोन.”

चंद्रशेखर आणि करिष्मा ओसरीवरच होते. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला गेला.

“काय व निशी, तू खोटी पडली,” कडूबानं सुरुवातच तिथून केली.

“बाबा, मी कधी म्हटलं होतं सापडला म्हणून?”

“पेपरात आलं होतं!”

“पेपरात मी नव्हतं दिलं. बाबा, नाही सापडला, हे शोधणं पण आमचंच काम आहे. यात कोणी खोटं पडत नाही. आम्ही सगळे मिळून पाहत होतो, नीट पाहिलं, तर नव्हता. इकडं सगळ्यांना वाईट वाटलं. पण कोणी कोणाला शिव्या नाही दिल्या.”

“आम्हाले देऊन राह्यले ना लोक! बाप इथं तोंड दाखवू शकत नाही!”

“बेटा,” चंद्रशेखरनं फोन ओढून घेतला, आवाजात साखर, “काका बोलून राह्यलो. तू टेन्शन घेऊ नको. पंधराले ये फक्त. तू बोलूच नको काही. मी सांगतो लोकायले, का तपास चालू हाये. सरकारी कामासारखं. अन् पाहुण्यायचं तेवढं पाहून घेऊ. पोरगा इंजिनेर हाये, बेटा.”

“काका, मी येत नाही. मी नाही शोधलं त्याची शाल मी कशी घेऊ? आणि त्या मुलाला मी ओळखत नाही, तो मला ओळखत नाही. तो त्या फोटोला ओळखतो.”

“पाह्य, पाह्य कशी बोलते!” कडूबानं फोन परत घेतला. “आइक निशी. पंधराले आली त आली. शिकणं बंद, लगन करून मोकळी हो. नाही आली त या घराची पायरी चढू नको. बाप मेला समज.”

फोनमधून निशीचा आवाज आला, लहान झालेला. “बाबा, काल इतकं सगळं वाया गेलं तरी मी रडले नव्हते.” आणि फोन बंद झाला.

करिष्मा म्हणाली, “रागाच्या भरात बोलतीन हो पोरी. येईन ती.” चंद्रशेखर म्हणाला, “असंच पाह्यजे होतं दादा, थोडं कडक.” कडूबा धापा टाकत होता आणि भावाच्या शाबासकीनं त्याची छाती जराशी वर आली होती. ती वर आलेली छाती गोजरबाईनं पाहिली. इतकी वर्षं तिनं या माणसाच्या गुडघ्याला तेल लावलं होतं, त्याचा भित्रेपणा लोकांपासून झाकला होता, त्याला साधा म्हणून सांभाळलं होतं. आणि या साध्या माणसानं हॉटेलातल्या चार जणांच्या हसण्यापायी एकुलत्या पोरीला दार लावलं होतं. साधा कसला! सोपं काय ते बरोबर कळत होतं त्याला.

तिनं त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि परसात गेली. म्हशीपुढे वैरण टाकत ती आधी पोरीशी बोलली. मग दुसरा नंबर लावला. व्हायच्या व्याह्यांच्या घरी बायकांनी परस्पर फोन करायची या घरात रीत नव्हती. पलीकडच्या बाईला हे नवलच वाटलं असणार, कारण गोजरबाईला दोनदा आपली ओळख सांगावी लागली. मग ती थोडंच बोलली. पलीकडची बाई काही म्हणाली, त्यावर तिनं “राग मानू नका, पण नाही म्हणजे नाही” एवढंच म्हटलं.

ती ओसरीवर आली तेव्हा करिष्मा ताटं मांडत होती. कडूबा आणि चंद्रशेखर पाटावर बसले होते. गोजरबाई बसली नाही. चौकटीला टेकून उभी राहिली.

“खामगावले मी फोन केला. साक्षगंध नाही म्हणून सांगितलं.”

“वहिनी!” चंद्रशेखर पाटावरून उठला. “कोणाले इचारून?”

“तुमी पाहुणे बोलावले ते कोणाले इचारून बोलावले होते? बसा खाली. माझं झालं नाही.” तिचा आवाज वर गेला नव्हता. सकाळपासून तो वर होता, आता खाली आला होता, आणि तेच घराला नवीन होतं. “नवस माझा होता. शिक्षण पुरं होऊ दे, असा होता. तुमी त्याची कंदुरी आधीच खाऊन बसले. आता ते शिक्षण पुरं करणं या घरावर हाये. पीरालेच भ्यायचं असंन त त्याच्यासाठी भ्या, हॉटेलातल्या लोकायसाठी नको.”

“गोजरे, तू मले शिकवतं?” कडूबा म्हणाला.

“हाव. पंधराले मंडपात कोणी पोरीचं नाव घेतलं, त मी तिथंच उठून सांगीन, का कण सापडला नाही अन् पोरीनं कधी सापडला म्हटलं नव्हतं. फ्लेक्स काढा नाहीतर राहू द्या, तुमचं तुमी पाहा.”

“ताई, लोक काय म्हणतीन...” करिष्मा म्हणाली.

“म्हणून राह्यलेच ना.” गोजरबाईनं तिच्या हातातली दोन ताटं घेतली आणि बाजूला ठेवली. “निशी दिवाळीले येईन. मागच्या दोन खोल्या माझ्या सासूनं मले देल्या होत्या, त्या मी आज झाडून घेते. उद्या सकाळपासून माझी चूल तिकडं. दोन म्हशी मी सांभाळते, त्या मी नेते.” मग ती नवऱ्याकडे वळली. “तुमी कोणत्या चुलीवर जेवता, ते उद्या दुपारपर्यंत सांगा. पीठ तेवढंच भिजवीन.”